दोन चिपांची जागा

मुंडक्यासकट शिजवलेल्या अख्ख्या कोंबडीचं ताट टेबलावर आलं आणि चोच नेमकी बांगछीताईकडे झाली. आमच्या टेबलावरचं बोलणं बंद पडलं.

कारखान्याचं वर्षअखेरचं जेवण होतं. मालक ज्याच्याकडे कोंबडीचं तोंड करेल, त्यानं नव्या वर्षी दुसरीकडे काम बघायचं, ही रीत आमच्या अख्ख्या सानचुंग शहराला ठाऊक. ताट वाढप्यानं ठेवलं होतं, मालक अजून पलीकडच्या टेबलावर दारूचा आग्रह करत होता. तरीही कुणी जेवणाच्या काड्या उचलल्या नाहीत.

"माझ्याकडे काय बघतेय ही? मी काय हिची सासू?" बांगछीताई म्हणाली.

आम्ही कपडे धुण्याच्या मशीनचे बोर्ड बनवायचो. बायका ओळीनं बसून भोकांत सुटे भाग खोवायच्या. बांगछीताई सगळ्यांत थोरली, मी तिच्या शेजारी. बोर्डावर एक लहान मायक्रोकंट्रोलर, म्हणजे मशीनचा मेंदू, असायचा आणि त्याला झेपत नसे ते करायला दोन मदतनीस चिपा. त्या दोन खोवायचं काम बांगछीताईचं. त्या वर्षी गिऱ्हाइकाला जास्तीचे दिवे आणि बटणं हवी होती. मग आणखी मदतनीस चिपा घालायच्या, की सगळं एकट्यानं सांभाळणारा मोठा मायक्रोकंट्रोलर घ्यायचा? मोठा घेतला तर मदतनीस नकोत, आणि बांगछीताईही नको.

ठरवायचं होतं ज्येन सरांनी. आमचे एकमेव इंजिनियर. मनगटात कायम दोन-तीन रबरबँड, बोलणं जेवढ्यास तेवढं.

डब्याच्या वेळी बांगछीताईनं त्यांना गाठलंच. "सर, तुमचं मोठं बाळ कधी येतंय?"

"अजून ठरलं नाही, ताई."

"मग तोंड असं का? बद्धकोष्ठ झाल्यासारखं?"

त्यांनी डबा बाजूला सारला. "चिपा वाढल्या की डाख वाढतात. लोक मशीन मागच्या सज्ज्यात ठेवतात, पावसात. डाख सुटतात, बोर्ड परत येतात. खरं म्हणजे मोठाच घ्यायला हवा."

"मग घ्या की. माझं तोंड बघून मशीन चालणार आहे का?" असं म्हणून तिनं आपल्या डब्यातलं मुळ्याचं लोणचं त्यांच्या भातावर ठेवलं. नंतर दिवसभर मात्र ती मान वर न करता चिपा खोवत राहिली.

आता जेवणाच्या टेबलावर ती त्या चोचीकडे बघत होती. ज्येन सर सूप घ्यायला म्हणून उठले आणि जाता जाता ताट फिरवलं. चोच त्यांच्या रिकाम्या खुर्चीकडे आली.

मालक तेवढ्यात पेला घेऊन पोचला. "काय ज्येन, पळून जायचा विचार आहे?"

"मला मान आवडते," सर म्हणाले. त्यांनी मुंडक्यासकट मान तोडून आपल्या वाडग्यात घेतली आणि खाली बघून चघळत बसले. बांगछीताईनं एक वाफवलेला पाव उचलून त्यांच्या बशीत ठेवला. मग सगळे जेवले.

नव्या वर्षी मोठा मायक्रोकंट्रोलर आला. बांगछीताईनं स्टुलावरची आपली उशी काखोटीला मारली. "पाय आखूड आहे याचा, खालचा पुठ्ठा काढू नकोस," एवढं मला सांगून ती गेली.

नव्या बोर्डावर दोन मदतनीस चिपांची भोकं मात्र तशीच होती. मालकानं विचारलं तेव्हा सर म्हणाले, "मोठ्या मायक्रोकंट्रोलरचा माल वेळेवर आला नाही, तर जुन्या पद्धतीनं भरता येईल." उत्तर बरोबर होतं. माल दर वेळी वेळेवर आला. पुढच्या मॉडेलवरही ती भोकं राहिली, त्याच्या पुढच्यावरही. त्या जातीच्या चिपा बाजारातून गेल्या, तरी सर निवृत्त होईपर्यंत बोर्डाच्या कुठल्याच नकाशातून ती जागा गेली नाही. मालकानं पुन्हा विचारलं नाही.

परवा माझं आमच्याच बोर्डाचं जुनं मशीन बंद पडलं. दुरुस्तीवाल्यानं सज्ज्यात बसून बोर्ड बाहेर काढला.

"आजी, इथं काहीतरी बसवायचं राहून गेलंय."

"राहून नाही गेलं," मी म्हटलं. "ते तसंच असतं."

त्यानं मान हलवली आणि दुसरीकडचा सुटलेला डाख शोधू लागला. मी भांडी पुसायचं फडकं आणून त्या रिकाम्या भोकांवरची धूळ टिपून घेतली. मग त्यानं झाकण लावलं.