टिल्लूचे मेल

“सिस्टर, तुमची मेलबॉक्स उतू चाललीय,” संगणक विभागातल्या बाई म्हणाल्या. “लोकांचे मेल परत जातायत आणि बोलणी मी खातेय!”

परिचारिका ड्यूटी संपवून खाली आली होती. औषध-भांडाराने तक्रार केली होती. “आई अंथरुणाला खिळलीय,” ती ओशाळून म्हणाली. “घर आणि वॉर्ड यात मेलकडे बघायला होतच नाही.”

बाईंनी जुने ड्यूटीचे तक्ते, सूचना, कुणाच्या तरी निरोप समारंभाचे भलेमोठे फोटो पुसले. मग डिलीट केलेल्यांचा ढीगही रिकामा केला. “हा राहिला की जागा अडतेच. झालं, आता येतील.”

“आणि परत गेलेले?”

“ते कुठले यायला! ज्याने पाठवले त्यानेच पुन्हा पाठवायचे. कुणाकुणाचे होते ते दाखवते.”

पडद्यावर पत्ते सरकू लागले. भांडार, मेट्रन, पुन्हा भांडार. एका पत्त्याशी मात्र परिचारिका थबकली. त्याची सुरुवातच ‘टिल्लू’ अशी होती.

तिच्या धाकट्या भावाला या नावाने फक्त घरातले हाक मारत. वडिलांच्या शिवणकामाच्या दुकानात बसायला तो नाही म्हणाला, तेव्हा वडील ओरडले होते, “पुन्हा तोंड दाखवू नकोस!” एरवी तो वडिलांचं कधीच ऐकत नसे, तेवढं मात्र त्याने ऐकलं. वडील गेले तेव्हा कळवायला पत्तासुद्धा नव्हता.

“तीनदा पाठवलाय त्याने,” बाई म्हणाल्या.

“काय लिहिलं होतं?”

“दारातूनच परत गेला हो. आत आलाच नाही, तर दिसणार कसा?”

बाई उठून चहा आणायला गेल्या. परिचारिकेने तिथेच बसून लिहिलं : ‘टिल्ल्या, मेलबॉक्स भरली होती रे. पुन्हा लिही. आई वाट बघते.’ खाली फोन नंबर टाकला.

त्यानंतर सलाईन बदलून झालं की ती फोन बघे, जेवणाचा डबा उघडण्याआधी बघे. घरी गेल्यावर आई विचारी, “काही आलं?” भावाचा मेल आला होता हे तिने आईला सांगितलंच नव्हतं. तरी आई गेली कित्येक वर्षं हेच विचारत होती.

एका दुपारी उत्तर आलं. ‘ताई, कसलंसं मशीनचं उत्तर आलं होतं. स्वीकारलं नाही, एवढंच कळलं. वाटलं, तूही नको म्हणालीस. आई आहे ना? संध्याकाळी फोन करू?’

संध्याकाळी फोन वाजला. तिने तो आईच्या कानाशी धरला. “टिल्लू आहे गं.”

आईने दोन्ही हातांनी फोन घेतला. “हं,” ती म्हणाली. पुन्हा, “हं.” शेवटी म्हणाली, “जेवलास का?”

मग फोन कानाशी तसाच घट्ट धरून राहिली.

“काय म्हणाला?” परिचारिकेने विचारलं.

“रडतोय. रडू दे. तू बोलू नकोस मध्ये.”

परिचारिकेने वाकून फोनच्या पडद्याकडे पाहिलं. फोन केव्हाच कट झाला होता. तिने हात पुढे केला आणि पुन्हा मागे घेतला. आई डोळे मिटून ऐकत होती.