खंडेनवमीला उठलेला रंधा

मित्रांनो, सुताराचा रंधा तुम्ही पाहिला आहे का? लाकडावरून पुढे ढकलला की सर्र आवाज होतो, तोंडातून कुरळी साल बाहेर पडते आणि खडबडीत फळी गुळगुळीत होते. तो मी. बाभळीच्या लाकडाचा, जुना, आणि खरं सांगायचं तर भलता चौकस. लोकांची दारं, पलंग, देव्हारे तासण्यात माझा जन्म गेला, पण त्या दारांच्या आड पुढे काय घडलं हे मला कधी कुणी येऊन सांगितलं नाही. म्हणून जिथे ठेवतील तिथे कान टवकारून बसायची मला खोड लागली.

बदलापूरच्या एका शेताच्या बांधावर ती बाभूळ होती. हरिचंद्र नावाच्या सुताराने तिच्या खोडातून मला घडवलं, लोखंडी पातं बसवलं, पाचर ठोकली आणि पहिल्यांदा स्वतःच्याच उंबरठ्यावर चालवून पाहिलं. त्या शेतावर आता उंच इमारत उभी आहे. तिथल्या एकाही दाराला माझा हात लागलेला नाही, याचं मला थोडं वाईट वाटतं.

हरिचंद्रानंतर मी त्याच्या मुलाच्या, नाथाच्या हातात आलो. नाथा मला पिशवीत घालून रोज उल्हासनगरला, कॅम्प चारमधल्या फर्निचरच्या कारखान्यात न्यायचा. तिथला सिंधी शेठ गिऱ्हाईक आलं की टेबलावर टिचकी मारून म्हणायचा, "साईं, पहले हाथ फेरके देखो, भाव बाद में." गिऱ्हाईक हात फिरवायचं आणि खूश व्हायचं. स्तुती शेठची व्हायची, पण हात फिरत होता माझ्या कामावर. मला तेवढं पुरे होतं.

मग कारखान्यात विजेची मशीन आली. ती माझ्यापेक्षा भराभर काम करायची आणि माझ्यापेक्षा दसपट आरडाओरडा करायची. नाथाने मला तेल लावून गोणपाटात गुंडाळलं आणि बदलापुरातल्या हेंद्रेपाड्याच्या घरी पलंगाखाली सरकवलं. वर्षातून एकदाच, खंडेनवमीला, मी बाहेर यायचो. त्या दिवशी सगळ्या हत्यारांची पूजा होते. आदल्या दिवशी नाथा दगडावर माझ्या पात्याला धार लावायचा, त्याची बायको बनूबाई मला पाटावर ठेवून हळदकुंकू आणि झेंडूचं फूल वाहायची. त्या दिवशी हत्याराला काम सांगायचं नाही, त्याचा विसाव्याचा दिवस. बाकी वर्षभर मला विसावाच विसावा होता, पण ते बोलून काय उपयोग.

तर मित्रांनो, 'व्हिसा' हा शब्द मी प्रथम त्या पलंगाखालीच ऐकला. आधी मला वाटलं, लाकडाची एखादी जात असेल. नाथाचा मुलगा प्रज्वल, तोही सुतारच, या व्हिसासाठी दोन वर्षं धडपडत होता. समुद्रापलीकडच्या एका देशाला सुतार हवे होते. लाकूड तासायला एवढ्या लांब कशाला जावं लागतं आणि जायला परवानगी का लागते, याचा मी पुष्कळ विचार केला. मला तर उल्हासनगरला न्यायचे तेव्हाही कुणी काही विचारलं नव्हतं.

प्रज्वलने इंग्रजीची परीक्षा दिली, शेठकडून अनुभवाचं पत्र घेतलं, सगळं तयार झालं. आणि एके दिवशी त्याची आतेबहीण हिमानी अंबरनाथहून आली. ती परदेशी जाणाऱ्यांची कागदपत्रं बघणाऱ्या एका ऑफिसात कामाला होती.

"दादा, नियम बदलले रे," ती म्हणाली. "नुसतं शेठचं पत्र आता चालणार नाही. खोटी पत्रं फार झाली ना. आता त्यांचा परीक्षक मोबाईलवर तुझं काम समोर बघणार. तेही हाताच्या हत्याराने, मशीन नाही."

"आणि नाही दिली परीक्षा तर?"

"तर फाईल बंद. आणि पुढच्या वर्षी सुतार त्यांच्या यादीत असतील की नाही, कोणालाच माहीत नाही. तुझ्या इंग्रजीच्या परीक्षेची मुदतही संपते. परत पहिल्यापासून सगळं."

मला गंमत वाटली. इतकी वर्षं मशीनमुळे मी पलंगाखाली पडलो होतो, आणि कुठल्याशा दूरच्या देशाने एक नियम बदलला तर माझं गोणपाट सुटलं. प्रज्वल रोज संध्याकाळी माझ्यावर हात बसवू लागला. परीक्षा ऐकायला सोपी होती. दोन फळ्यांच्या कडा अशा तासायच्या, की त्या एकमेकींना लावून उजेडासमोर धरल्या तर मधून उजेड दिसता कामा नये.

परीक्षेच्या तारखा मोबाईलवर खुल्या झाल्या तेव्हा झुंबड उडाली. जी पहिली दिसली ती प्रज्वलने पटकन घेऊन टाकली. भिंतीवरचं कॅलेंडर कोण बघतो? ते बघितलं बनूबाईने, झेंडू सांगायच्या वेळी. परीक्षा नेमकी खंडेनवमीला होती.

हिमानीने खटपट केली, पण दुसरी तारीख या वर्षात उरलीच नव्हती. नाथाने सरळ सांगून टाकलं, "मग नाय होणार. खंडेनवमीला हत्यार उचलत नाय. माझ्या बापाने नाय उचललं, मी नाय उचललं."

"बाबा, नवीन रंधा आणतो मग दुकानातून."

"नवीन हत्याराला पहिलं काम खंडेनवमीला सांगणार? शेजाऱ्याचं मागशील, तर तेपण पाटावरच असणार. हातचं सोडून पळत्याच्या पाठी कशाला लागतो रे पोरा? हितं काय कमी हाय?"

प्रज्वल वाद घालणारा नाही. तो उठून सरावाच्या फळ्या आवरू लागला, आणि ते मला वादापेक्षा वाईट वाटलं. मला आणखी एक गोष्ट खटकली. आदल्या दिवशी नाथाने मला पुसलं, तेल लावलं, पण धार लावली नाही. नाथा म्हातारा झाला असेल, पण धार विसरणारा माणूस नाही. त्याचा हात मी ओळखतो. रागात असला की मूठ आवळून धरतो. त्या दिवशी त्याने मला अगदी सैल धरलं होतं.

खंडेनवमीच्या सकाळी मी पाटावर बसलो. हळदकुंकू झालं, फूल वाहिलं, नारळ फुटला. हिमानी मोबाईल घेऊन आली होती. प्रज्वल इस्त्रीचा शर्ट घालून भिंतीला टेकून बसला होता आणि माझ्याकडे बघत होता. दुपारची वेळ जवळ येत होती.

बनूबाईने उदबत्तीची राख झटकली आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "अवो, आपला गणपती किती दिवसांचा?"

"दीड. तुला ठाव नाय?"

"ठाव हाय. देवालासुद्धा आपण दीड दिवसात अक्षता टाकून हलवतो, तेव्हा कोण रुसत नाय. मग रंध्याची पूजा अर्ध्या दिवसाची केली तर रुसणार कोण हाय?"

हिमानीला हसू आलं, पण तिने ओठ दाबून धरले. नाथाने समईची वात पुढे सारली. मग हळूच म्हणाला, "गणपती पुढल्या वर्षी परत येतो."

तेव्हा मला उमगलं की घोडं खंडेनवमीपाशी अडलं नव्हतंच. खोलीत सगळ्यांनाच ते उमगलं. बनूबाईने डोळ्याला पदर लावला.

"मीपण येईन ना, बाबा," प्रज्वल म्हणाला.

"जाताना सगळेच तसं बोलतात," नाथा म्हणाला. पण बोलता बोलता त्याने तबकातल्या अक्षता घेतल्या, माझ्यावर टाकल्या, आणि गणपतीला हलवतात तसं मला पाटावर थोडंसं सरकवलं. मग मला उचलून मोरीपाशी नेलं. पाचर काढली, पातं काढलं आणि धार लावायच्या दगडावर पाणी शिंपडून तो घासू लागला. नखावर धार तपासली, पुन्हा घासली. इतक्या निगुतीने धार त्याने शेठच्या मालासाठीही कधी लावली नव्हती. पातं बसवून त्याने मला मुलाच्या हातात दिलं. "घे. जाड काढू नको. घाई वाटली तरी पातळच काढ."

परीक्षेला खोलीत दुसरं कुणी नको, असा नियम होता. सगळे बाहेर गॅलरीत गेले. आत उरलो प्रज्वल आणि मी. मोबाईलच्या पडद्यावर एक बाई दिसत होती, केस पिकलेले, चष्मा कपाळावर. प्रज्वलने मला पांढऱ्या फळीवर चालवलं आणि फळीवर पिवळा पट्टा उमटला. माझ्या अंगाला हळद होती ना. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हा कसला डाग, असं बाईने विचारलं. प्रज्वल त्याच्या इंग्रजीत अडखळत म्हणाला, आज याची सुट्टी आहे, माझ्यासाठी आईने अर्धीच दिली. बाई चष्मा डोळ्यांवर घेऊन पुढे झुकली. तिलाही माझ्यासारखीच चौकस खोड असावी. हत्यारांना सुट्टी कोण देतं, किती दिवस देतं, सगळं तिने विचारून घेतलं.

पुढच्या सालीबरोबर हळद निघून गेली. प्रज्वलने दोन्ही फळ्या जोडून खिडकीसमोर धरल्या. मध्ये केसाएवढी उजेडाची रेघ होती. झालं का, असं बाईने विचारलं. वेळ संपत आली होती आणि मनात आणलं असतं तर फळ्या जरा तिरक्या धरता आल्या असत्या. प्रज्वल म्हणाला, नाही, अजून एकदा. त्याने मला अलगद चालवलं. कांद्याच्या पापुद्र्यासारखी साल निघाली. पुन्हा फळ्या धरल्या, तर मध्ये अंधार. गॅलरीत नाथा खोकला. आवाजावरूनच त्याला कळलं होतं.

प्रज्वल पास झाला आणि गेला. मला सोबत न्यायला निघाला होता, पण नाथा म्हणाला, याला राहू दे, हितं काहीतरी पाहिजे. तेव्हापासून मी पलंगाखाली नसतो. नाथा शेजारपाजारच्या लोकांची अडकणारी दारं तासून देतो आणि संध्याकाळी मला खिडकीत ठेवतो.

परवा पुन्हा खंडेनवमी झाली. मी पाटावर होतो आणि प्रज्वल मोबाईलवर. तो आला नव्हता, सुट्टी एवढी मिळत नाही. पण त्याच्यामागे टेबलावर एक कोरा रंधा दिसत होता. त्याला कुंकू लावलेलं, आणि झेंडू नाही म्हणून कसलंसं पिवळं रानफूल.

"बाबा, आज एक दिवसाची रजा टाकली. हत्यार उचलत नाही."

नाथाने मोबाईल डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ तो रंधा बघितला. "काल धार लावलीस का?"

"लावली."

"मग बरं," नाथा म्हणाला आणि मोबाईल बनूबाईकडे देऊन उगाच माझं फूल नीट करत बसला.

मित्रांनो, देशांचे नियम कसे ठरतात आणि कशाला बदलतात, हे मला अजून कळलेलं नाही. कुणाला कळलं तर सांगा, मी खिडकीतच असतो. मला एवढंच कळतं, की हत्याराला वर्षातून एक दिवस विसावा द्यावा आणि बाकीचे दिवस त्याला पलंगाखाली टाकू नये. आणि तुमच्या घरातून कुणी लांब निघालं असेल, तर आधी त्याच्या हत्याराला धार लावून द्या. रुसायला मागे भरपूर वेळ मिळतो.