टिनामागचा मालक

सिंदी स्टेशनाबाहेर हर्षाचा एसटीडी बूथ होता. तिथं लोक फोन करायला यायचे, हर्षाला फोन कोणी करत नसे. म्हणून त्या दुपारी घंटी वाजली तेव्हा तिला वाटलं, कोणाची तरी चूक झाली.

"तुम्हीच का त्या लंगड्या बाई?" पुरुषाचा आवाज, दबका.

"मीच. तुम्ही कोण, धडधाकट?"

"मी आंधळा प्रेमदास. जाम चौफुलीवरच्या बूथचा मालक. मले माह्याच बूथातून चोरून फोन करा लागते, बाई. भाऊ जेवाले गेला हाय. तुमचा नंबर एका कंडक्टरनं सांगितला. बुधवारी टेलिफोनचा साहेब तपासणीले येते. तुम्ही येजा."

फोन बंद झाला. पुढचं सांगायची गरजही नव्हती. अठ्ठ्याण्णव साल होतं, आणि अपंगाच्या नावानं बूथ मिळतो हे कळल्यापासून ज्या घरांना आपल्यात एक आंधळा, एक पांगळा आहे हे सांगायची लाज वाटत होती, ती घरं अचानक त्याचा दाखला काढायला दवाखान्यात रांग लावू लागली होती. पाटीवर नाव त्याचं, गल्ल्यावर बूड दुसऱ्याचं. अशी दोन घरं हर्षानं अर्ज करकरून उघडी पाडली होती. तेव्हापासून लोक तिच्या नावानं बोटं मोडायचे. तिचं त्यानं काही बिघडत नव्हतं.

बोटं मोडणारे तिनं लहानपणीच पाहिले होते. पोलिओनं तिचा डावा पाय गेलेला. बाप सदाशिवराव कापसाचा व्यापारी, इज्जतीचा मोठा. थोरल्या बहिणीला पाहायला पाहुणे आले की हर्षाला कोठीघरात कापसाच्या ढिगामागं बसवायचे. "खोकू नको," आई सांगायची, "नाईतर ताईचं जमत नाई." कापसाची पूड नाकातोंडात जायची आणि नऊ वर्षांची पोर फ्रॉकचा बोळा तोंडात कोंबून खोकला गिळायची. ताईचं पाचव्या ठिकाणी जमलं. म्हणजे पाच वेळा कोठीघर. त्यानंतर हर्षा कोणाला न विचारता हातांवर घसटत शाळेत गेली. मास्तरानं दारात बसवलं, तर दारातून शिकली.

बुधवारी ती जामला उतरली. पायाला लोखंडी पट्ट्या, काखेत कुबडी. बूथ चौफुलीवरच होता. आत चंद्रभान, प्रेमदासचा थोरला भाऊ, काउंटर पुसत होता. मागं टिनाची आडभिंत होती, आणि तिच्यापलीकडे बारदानावर प्रेमदास बसला होता. शोभाबाई, त्याची वहिनी, त्याच्या अंगात नवा शर्ट चढवत होती.

"फोन करायचा का, बाई?" चंद्रभाननं विचारलं.

"नाई. मालकाले भेटायचं हाय." हर्षा दाराबाहेरच्या बाकावर टेकली.

चंद्रभाननं कुबडीकडे पाहिलं आणि ओळखलं. "सिंदीची का तू? त्या दोन घरांच्या चुली विझवून आली, आता इथं काऊन आली?"

"चुली नाई विझवल्या. फक्त पाहिलं, जेवते कोण."

"आमच्या घरातलं आमी पाहून घेतो. उठ इथून."

"मले उठाले वेळ लागते," हर्षा म्हणाली, आणि बसल्या जागेवरून पाय दारात लांब केला. आता दारातून आत जायचं तर तो पाय ओलांडावा लागणार होता.

शोभाबाई आडभिंतीमागून फणकारली, "तीन वर्षं झाली मी याले भरवून राह्यली. हिनं येऊन एक दिवस भरवावं, मग तोंड चालवावं."

"वहिनी, मी हातानं जेवतो," प्रेमदास म्हणाला.

"तू गप."

तेवढ्यात साहेबाची जीप थांबली, आणि नेहमीची धांदल झाली. दर तपासणीला या घरचा एक रिवाज होता. प्रेमदासला धुऊन पुसून आणायचं, स्टुलावर बसवायचं, आणि बूथची किल्ली दोऱ्यात ओवून त्याच्या गळ्यात घालायची, म्हणजे साहेबाला मालक दिसतो. साहेब चहा पिऊन सही करायचा. जीप गेली की आधी किल्ली निघायची, मग शर्ट, मग माणूस. चंद्रभाननं आजही स्वतःच्या हातानं किल्ली भावाच्या गळ्यात घातली.

साहेबानं हर्षाचा पाय ओलांडला, नाक मुरडलं, शोभाबाईनं दिलेला चहा घेतला, वही काढली. "प्रेमदास, धंदा बरा?"

"हो साहेब," चंद्रभान म्हणाला.

"साहेब, त्याच्या कॉलरीत टाचणी हाय," हर्षा म्हणाली. "शर्ट पुड्यातून आताच निघाला. रोज गल्ल्यावर बसणाऱ्याची कॉलर अशी नसते."

"तुम्ही कोण?"

"माहे अर्ज वाचत असाल तर ठाऊक असेल."

साहेबाचा चेहरा आंबला. त्याला ठाऊक होतं. त्यानं चहाचा कप खाली ठेवला. "आंधळा माणूस नंबर कसा लावणार, बाई? मीटर कसं वाचणार? भाऊ मदत करतो, त्यात काय वाईट?"

"मले काऊन विचारता? मालक समोर बसला हाय."

प्रेमदासनं हात पुढं केला. पाचाच्या बटणावर बारीक टिंब असतं, ते त्याच्या बोटानं शोधलं. "साहेब, तुमच्या हापिसाचा नंबर सांगा."

साहेबानं सांगितला. प्रेमदासनं एकदाच ऐकून लावला आणि रिसीव्हर त्याच्याकडे दिला. पलीकडून साहेबाचाच शिपाई बोलला. मशीनमधून बिलाचा कागद निघाला. "मीटर गिऱ्हाईक वाचते," प्रेमदास म्हणाला, "त्याले डोळे हायेत. अन् तीन वर्षं टिनामागून बटणं ऐकून राह्यलो. कोणता नंबर लागला, आवाजानं सांगतो. भाऊ चुकला तर तेही सांगतो."

साहेबानं वहीत काहीतरी लांबलचक लिहिलं. "पुढच्या वेळी न सांगता येईन," तो चंद्रभानला म्हणाला. "स्टुलावर दुसरा दिसला तर बूथ काढून घेतो." चहा तसाच ठेवून निघून गेला.

जीपचा आवाज गेल्यावर चंद्रभाननं हात पसरला. "किल्ली दे."

प्रेमदासनं किल्ली शर्टाच्या आत सोडली आणि वरचं बटण लावलं. "तूच घातली, दादा. तुह्याच हातानं."

"रात्री भाकर कोण देते, पाहतो मी," शोभाबाई म्हणाली.

"ढाब्यावर जेवीन. रस्ता ओलांडता येते मले. तुम्ही ओलांडू देत नव्हत्या."

हर्षानं दारातला पाय मागं घेतला. तिथं तिची गरज उरली नव्हती. एक ट्रकवाला आला, नागपूरचा नंबर मागितला. "सांगा," प्रेमदास म्हणाला, आणि बोट टिंबावर ठेवलं.

चंद्रभानला बसायला जागा उरली नाही. बाहेर बाकावर ती बाई, आत स्टुलावर भाऊ. तो रागानं आडभिंतीमागं गेला आणि बारदानावर बसला. तिथली धूळ उठली. त्याला खोकल्याची उबळ आली.

हर्षानं दारातून कुबडी आत घालून टिनावर दोनदा ठोकलं.

"खोकू नका," ती म्हणाली, "गिऱ्हाईक बोलून राह्यलं."