दहा नंबरची पिवळी जर्सी

रोनाल्डिन्होला खेळणं सोडून कितीतरी वर्षं झाली, पण घनसावंगीच्या बाजारात त्याची पिवळी जर्सी अजून हातोहात खपते. गावात फुटबॉल एकच, तोही शाळेच्या कपाटात हवा जाऊन पडलेला. पोरांना त्याचं काय? मोबाइलवर तो ब्राझीलवाला दात काढून हसत चेंडू नाचवतो आणि पोरं खुळावतात.

तातेरावांचा हरिओम हीच जर्सी घालून दोन वर्षांपूर्वी घरातून गेला. बारावीला नापास झाला म्हणून बाप बोलला, बाप बोलतोच. पोरगं भरल्या ताटावरून उठलं ते गेलंच. शालूनं, त्याच्या बहिणीनं, मोबाइलवर त्याचा फोटो फिरवला आणि खाली लिहिलं: पिवळी जर्सी, पाठीवर दहा नंबर. तातेरावांना वाटलं, रिटायर झालेल्या खेळाडूची जर्सी दुसरं कोण घालतं? आपलं पोरगं लगेच ओळखू येईल.

इथंच चुकलं. जालन्याच्या स्टँडवरून फोन आला, अंबडहून आला, भोकरदनहून आला. दर वेळी तातेराव हातातलं काम टाकून एसटी धरायचे आणि पिवळ्या पाठीला हाक मारली की भलतंच तोंड वळायचं. असं अकरा वेळा झालं.

"मुडदा बशिवला त्या ब्राझीलवाल्याचा," ते घरी येऊन म्हणायचे.

"त्याला कामून शिव्या देऊन राह्यले?" हरिओमची आई दुर्गाबाई म्हणायच्या. "तो घेऊन गेल्ता का आपल्या पोराला?"

परवाचा फोन पोलिसांचा होता. शहागडला गोदावरीत प्रेत सापडलं होतं. अंगात तीच जर्सी, चेहरा ओळखू येत नव्हता.

सरकारी दवाखान्याबाहेर आणखी एक बाप बसलेला होता, भोकरदनचे निजामोद्दीन टेलर. त्यांचा अबुबकर आठ महिन्यांपासून बेपत्ता, त्याच जर्सीत. दोघांनी एक चहा अर्धा अर्धा घेतला. जन्मात पहिल्यांदा तातेराव त्या खेळाडूचे गोडवे गाऊ लागले.

"लई पोरं घालतेत हो त्याची जर्सी. लोकं त्याला इसरतच न्हाई. मंग हा आपलाच कशावरून?"

"बिलकुल," निजामोद्दीन म्हणाले.

पण तातेरावांच्या मनात वेगळंच चाललं होतं. देवा, माझा नसू दे. यांचा असला तरी चालेल.

आत चादर सरकवली. निजामोद्दीननी जर्सीकडं बघितलंच नाही, पायाकडं बघितलं. डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली होती. ते भिंतीला धरून खाली बसले.

"बरं झालं," तातेरावांच्या तोंडून निघून गेलं. आपली जीभ हासडून टाकावी असं त्यांना वाटलं.

निजामोद्दीननी मान वर केली. रागाचा मागमूस नव्हता. "बराबर बोल्ले, भाऊ. माझं फिरणं संपलं. आज लेकराला घरी घेऊन चाललो."

तातेराव एकटेच एसटीत बसले. ज्याचं पोरगं मेलं, त्या माणसाचा त्यांना हेवा वाटत होता.