गोड्या पाण्यातली डबी

त्या डबीत दात आहे हे वहिनींनी ओळखलं, आणि ती डबी देवाधर्माची आहे हे भावजींनी. आपापल्या जागी दोघंही बरोबर होते. घोळ झाला तो पुढे.

वहिनी पस्तीस वर्षं कवळ्या बनवत होत्या. तीन दवाखान्यांची कामं त्यांच्या घरामागच्या खोलीत यायची. प्लास्टरचे साचे, गुलाबी मेण, रंगाच्या छटेप्रमाणे लावून ठेवलेले दातांचे संच. नवरा गेल्यावर त्याचा मेटल डिटेक्टर विकायला त्यांचं मन होईना, म्हणून एके दिवशी त्या स्वतःच तो घेऊन किनाऱ्यावर गेल्या आणि मग नादच लागला. ओहोटीला गुडघाभर पाण्यात उतरायचं, कानाला हेडफोन लावायचा आणि यंत्राची तबकडी वाळूवरून सावकाश फिरवायची. अंगठ्या, खिळे, जाळ्यांची वजनं, काय वाट्टेल ते सापडायचं.

"लोक समुद्रावर हवा खायला जातात, वहिनी. तुम्ही भंगार वेचायला जाता," असं भावजी चिडवायचे. भावजी म्हणजे त्यांचे धाकटे दीर. संग्रहालयात आयुष्यभर जुने धातू साफ करून निवृत्त झालेले, पण घरी करमत नाही म्हणून अजूनही आठवड्यातले तीन दिवस तिथे जाऊन बसणारे.

त्या आठवड्यात वादळ होऊन गेलं होतं आणि किनाऱ्याजवळचा वाळूचा उंचवटा जागचा हलला होता. जिथे एरवी कमरेएवढं पाणी असायचं तिथे पोटऱ्या भिजत होत्या. हेडफोनमध्ये बारीक, स्वच्छ आवाज आला. वहिनींनी जाळीच्या फावड्याने वाळू उपसली, तर कोंबडीच्या अंड्याएवढा काळपट गोळा वर आला. त्यांनी तो कानाशी नेऊन हलवला. आत काहीतरी खुळखुळलं.

भावजींनी तो हातात घेतला मात्र, त्यांची थट्टा बंद झाली. "हे भंगार नाही, वहिनी. आधी वजन करू. मग गोड्या पाण्यात ठेवू. रोज पाणी बदलायचं, म्हणजे मुरलेलं मीठ सुटेल. घाई करायची नाही."

त्यांनी वजन करून वहीत लिहिलं आणि गोळा वहिनींच्याच खोलीत, काचेच्या भांड्यात बुडवून ठेवला. चार दिवसांनी वरचा थर मऊ झाला. भावजींनी तो लाकडी काडीने खरवडला. आत जाड शिंपल्याच्या कवचाची डबी होती, तिच्याभोवती चांदीच्या दोन पट्ट्या, आणि झाकणाच्या फटीत मेण असं ठासून भरलेलं की थेंबही आत जाऊ नये. एका पट्टीवर जुन्या लिपीतली अक्षरं होती. भावजी भिंग लावून अर्धी दुपार त्या अक्षरांवर वाकून बसले.

"खाली राहा," शेवटी त्यांनी वाचलं. "म्हणजे नम्र राहा. पूजेतली वस्तू आहे ही. कुणा संताचा अवशेष असणार आत. केस, नख, असलं काहीतरी."

"मग उघडा की."

"वेडबिड लागलंय का? मेण फोडलं तर माझे जुने साहेब मला फोडतील. एक्स-रे काढा. तुमच्या डॉक्टरीणबाईंकडे यंत्र आहे ना?"

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी हसत हसत फिल्म काढून दिली. वहिनींनी ती उजेडासमोर धरली. दुधाचा दात. खालचा, पुढचा. मूळ झिजून गेलेलं, पोराच्या तोंडातून आपसूक पडलेल्या दाताचं असतं तसं.

"संत पाच-सहा वर्षांचा होता तर," त्या भावजींना म्हणाल्या.

भावजींना फार आनंद झाला. संग्रहालयात असली वस्तू एकही नव्हती. ते कागद तयार करायला लागले. तोवर डबी वहिनींकडे भांड्यातच राहिली, आणि रोज सकाळी वहिनींना पाणी बोटभर कमी झालेलं दिसायचं. उन्हाळा आहे, उडत असेल, असं म्हणून त्या नवं ओतायच्या.

आठव्या दिवशी पाणी बदलताना त्यांनी सहज डबी हलवली. खुळखुळ झालं नाही.

पुन्हा हलवली. काही नाही. आतली वस्तू कुठेतरी घट्ट बसली होती. मेण जागच्या जागी होतं, कवचाला चीर नव्हती. वहिनी कवळ्यांचं काम अर्धवट टाकून दवाखान्यात गेल्या आणि दुसरी फिल्म काढून आणली. दात तोच होता. पण त्याला मूळ आलं होतं, लांब आणि पूर्ण.

"कोन बदलला असेल," भावजी म्हणाले.

"कोन बदलून मूळ येत नाही, भावजी. पडलेल्या दुधाच्या दाताला मूळ नसतं, आणि पुन्हा फुटत तर नाहीच नाही."

"पहिल्या वेळी नीट दिसलं नसेल."

तीन दिवसांनी वहिनी पुन्हा दवाखान्यात गेल्या. डॉक्टरीणबाई दुसऱ्या पेशंटमध्ये गुंतल्या होत्या, म्हणून तिसरी फिल्म वहिनींनी स्वतःच काढली आणि उजेडाच्या पेटीवर लावली. एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला एक असे दोन नवे अंकुर होते. तिन्हींच्या खालून पुसट, वाकडी रेघ गेली होती. जबड्याच्या त्या रेघेचा आकार वहिनींनी हजार वेळा प्लास्टरमध्ये ओतला होता.

डॉक्टरीणबाई हात पुसत मागून आल्या, फिल्मकडे पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "हे बाळ किती महिन्यांचं आहे? आणि एवढ्याशा जिवाचा एक्स-रे काढायला सांगितला तरी कुणी?"

वहिनींनी फिल्म पर्समध्ये घातली. त्या घरी चालतच गेल्या. भावजी खोलीत आले तेव्हा तिन्ही फिल्मा खिडकीच्या काचेला चिकटवलेल्या होत्या. भावजींनी त्या पाहिल्या, चष्मा पुसला, पुन्हा पाहिल्या. डबी बाहेर काढून कोरडी केली आणि आपला छोटा तराजू मांडला.

"साफ केलेली वस्तू हलकी होते," ते म्हणाले. "वरचा थर गेला, मीठ गेलं. ही हलकी व्हायला हवी. ही अकरा ग्रॅमनी वाढलीये."

"कवच पाणी पीत असेल," वहिनी म्हणाल्या. त्यांनाही तसंच हवं होतं.

"कवच एवढं पाणी पीत नाही."

डबी देवाधर्माची, तेव्हा तिथे कुणाला तरी ठाऊक असेल म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं किनाऱ्यावरच्या जुन्या प्रार्थनाघरात गेले. तिथली राखणदारीण नव्वदीच्या घरातली, हाडकुळी, कानाने तिखट. वहिनींनी डबी टेबलावर ठेवली तशी म्हातारी खुर्ची मागे सारून भिंतीला टेकली.

"कशात ठेवली होती?" तिने विचारलं.

"पाण्यात."

"कसल्या?"

"गोड्या," भावजी म्हणाले. "चांदीतलं मीठ निघावं म्हणून..."

"अरे देवा," म्हातारी म्हणाली.

मग तिने सांगितलं. एक मूल होतं. लोक त्याच्या पाया पडायचे, त्याने हात लावला की दुखणं उतरायचं. ते गेलं तेव्हा त्याचा एक पडलेला दात तेवढा आईपाशी होता. लोकांनी त्याच्यासाठी डबी घडवली आणि रोज गोड्या पाण्याने आंघोळ घालायला लागले. "माझ्या पणजीने पाहिलं होतं. आधी जबडा झाला. मग डबीत मावेना. मोठ्या पेटीत ठेवलं, तर ते तोंड उघडायचं आणि मिटायचं. आवाज नाही, काही नाही. नुसतं उघडायचं, मिटायचं. शेवटी पणजीने ते मिठाच्या पाण्यात घातलं. महिनाभराने ओसरत ओसरत पुन्हा एक दात राहिला. तो परत डबीत घातला, वर मेण लावलं आणि भर समुद्रात सोडला."

"पण पट्टीवर तर उपदेश आहे," भावजी म्हणाले. "खाली राहा. नम्र राहा."

"तो भक्तांसाठी नाही, दादा. समुद्रात सोडताना आत आहे त्याला सांगितलंय."

वहिनींनी विचारलं, "ते वाईट आहे का?"

"वाईट कशाला असेल? लेकरू आहे. त्याला परत यायचंय इतकंच. पण यायला अंग लागतं, आणि ते आपण कुठून आणणार?"

परतताना भावजी वाटेत दोनदा थांबले. त्यांच्या खिशात संग्रहालयाचे भरलेले कागद होते. "आयुष्यभर मी लोकांनी गमावलेल्या वस्तू सांभाळल्या, वहिनी," ते म्हणाले. "एकही पाण्यात टाकली नाही."

"ही कुणी गमावलेली नाही."

कोपऱ्यावर आल्यावर भावजींनी विचारलं, "होडी कुठे मिळेल?"

दुपारी एका कोळ्याने त्यांना खाडीच्या तोंडापलीकडे नेलं. तिथे पाण्याचा रंग एकदम गडद होत होता. डबी वहिनींच्या मुठीत होती आणि ऊन नसतानाही कोमट लागत होती. सोडायच्या क्षणी तळहाताला डबीच्या आतून एक बारीक दाब जाणवला. एकदा, मग पुन्हा. त्यांनी मूठ उघडली. डबी पाण्यावर काही क्षण उभी राहिली, तिच्या वजनाच्या वस्तूने राहू नये इतका वेळ, आणि मग सरळ खाली गेली.

"काय सोडलंत?" होडीवाल्याने विचारलं.

"अस्थी," वहिनी म्हणाल्या.

त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि किनारा जवळ येईपर्यंत परत घातली नाही. भावजी कागदांचे लहान लहान तुकडे करत बसले होते, पण पाण्यात टाकत नव्हते, खिशात भरत होते. वहिनी त्यांच्याशी काहीतरी बोलणार होत्या. पण त्यांची जीभ तोंडात आपले दात मोजण्यात गुंतली होती. खालचे चौदा, वरचे तेरा, जितके आधी होते तितकेच. मोजून संपल्यावर त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.