पाऱ्याखाली गिरिजा

सकाळी पारा घरात शिरला तेव्हा गिरिजा स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होती आणि मी पुढच्या खोलीत बूट घालत होतो. पारा मधल्या खोलीत येऊन थांबला. जमिनीपासून छतापर्यंत, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. सांडला नाही, पसरला नाही. आमचं घर बोळासारखं लांबट, तीन खोल्या एकामागे एक, दार फक्त रस्त्याच्या बाजूला. मागची खिडकी शेजाऱ्यांनी भिंत चढवल्यापासून बुजलेली. म्हणजे गिरिजा आत कोंडली गेली, आणि तिच्याबरोबर स्वयंपाकघरभर हवा.

"अहो," तिचा आवाज भिंतीतून आला. "हे काय आणून ठेवलंत घरात?"

"मी कशाला आणू? पारा आहे तो. हात लावू नकोस."

"मी मेथी सांगितली होती."

मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. एका टोकाला बंद नळी, तिच्यात पाऱ्याचा स्तंभ, पाऱ्यामागे अडकलेली हवा. हा प्रयोग शिकवून शिकवून माझा घसा बसलाय. त्यामुळे मी घाबरलो नाही. नळी आडवी असेपर्यंत पाऱ्याचा भार आतल्या हवेवर पडत नाही, आणि घरं आडवीच असतात. मी गिरिजाला म्हटलं, "गप बसून राहा. काही होत नाही."

तेवढ्यात बहिस्थ परीक्षक आले. प्रॅक्टिकलच्या परीक्षेला दुसऱ्या गावच्या कॉलेजातून येतात, ते. राखाडी सफारी, खिशाला दोन पेनं. उंबऱ्यावरच खुर्ची टाकून बसले. बहिस्थ परीक्षकाला आधी चहा आणि उपीट द्यायचं, मग तो पोरांना सोपं विचारतो, ही आमच्याकडची रीत. चहा करणारी पाऱ्यापलीकडे होती.

"चहा नाही?" त्यांनी विचारलं.

"जरा अडचण आहे, सर."

"मग सुरूच करू. नळी उभी करा. तोंड वर."

घर उभं राहिलं. दार वर गेलं, त्यात आभाळाचा चौकोन आणि परीक्षकांचे बूट. खाली स्वयंपाकघरात डबे धडाधड कोसळले. मी पुढच्या खोलीतून घसरत पाऱ्यावर पडलो आणि उभा राहिलो. पारा माणसाला बुडू देत नाही. जेमतेम नडगीपर्यंत आत गेलो.

"गिरिजा! लागलं का गं?"

"मी मागच्या भिंतीवर बसलेय," ती म्हणाली. "तुमचा पारा खाली आलाय. ओट्याला टेकलाय बघा."

"बंदिस्त हवेच्या स्तंभाचं काय झालं?" परीक्षकांनी वरून विचारलं.

"लांबी कमी झाली, सर."

"का?"

"दाब वाढला. वातावरणाचा दाब, अधिक पाऱ्याचा."

"अधिक?"

मी पायांकडे पाहिलं. मला उत्तर येत होतं आणि ते देववत नव्हतं.

"अधिक माझा," मी म्हणालो.

"छान," परीक्षक म्हणाले.

"अहो, कानात दडे बसलेत," गिरिजा म्हणाली. "तुम्ही नाचताय काय वर?"

मी मांजरासारखा स्तब्ध उभा राहिलो. तरी माझं वजन कुठं जाणार? आयुष्यभर तिनं वाढलेलं खाल्लं, ते सगळं आता तिच्याच डोक्यावर होतं. मला रडू यायला लागलं. मी ओरडलो, "सर, तोंड खाली करा! पारा पडून जाईल, मीही पडेन, ती सुटेल!"

"पारा सांडायचा?" ते दुखावल्यासारखे म्हणाले. "थेंब सांडला तरी तुम्हीच पोरांना उन्हात उभं करता ना?"

करतो. खरं आहे ते.

मग मला तापमान आठवलं. हवा तापली की फुगते, पारा वर ढकलते. "गिरिजा, गॅस पेटव. तीसवरून साठ अंश झालं की खोली दुप्पट होईल. पारा दाराबाहेर जाईल, मलाही घेऊन जाईल."

"श्वास घ्यायला हवा कमी पडतेय, आणि गॅस पेटवू?"

"मी सांगतो ना! माझा विषय आहे हा!"

तिनं पेटवला. माझ्या शब्दावर ती आजवर कधी गेली नव्हती, नेमकी आज गेली. पारा हलला, मला घेऊन वर सरकला, वीतभर, आणखी वीतभर, आणि थांबला. मी वाट पाहत राहिलो. खालून ती खोकत होती.

"केल्व्हिनमध्ये मोजायचं, हिरेमठ सर," परीक्षक हळूच म्हणाले. "तीनशे तीनवरून तीनशे तेहतीस. दुप्पट कुठून होणार?"

या चुकीसाठी मी पोरांचे कान पिळलेत. बापरे, काय केलं मी हे! "बंद कर! गॅस बंद कर!" मी किंचाळलो.

"आपोआप विझला," ती म्हणाली. आवाज बारीक झाला होता. खोली निवली, पारा मला घेऊन परत खाली गेला.

"अहो, ओटा मोडला आता. मी गुडघे पोटाशी घेतलेत."

"सर, मी बाहेर येतो. माझं वजन तरी जाईल. हात द्या."

"या की. पण तुम्ही बाहेर आलात की प्रयोग संपला. प्रयोग संपला की साहित्य कपाटात. उभं."

आमच्या कपाटात नळ्या वर्षभर उभ्याच असतात. कुलूप मीच लावतो.

माझ्या डोक्यावरच, पुढच्या खोलीच्या भिंतीत, छत्री अडकवायची खुंटी आहे. मी उडी मारली आणि ती एका हातानं पकडली. दुसरा हात मावला नाही, तेवढी जागाच नव्हती. पाय पाऱ्यातून सुटले. खालचा पारा सावकाश वर आला आणि माझ्या तळव्यांच्या जरासा खाली थांबला. बाहेरही नाही, ओझंही नाही. असंच राहायचं होतं फक्त.

खालून मोठा श्वास ऐकू आला. मग आणखी एक.

"अहो," गिरिजा म्हणाली. "आता बरं वाटतंय. पाय सोडता आले. काय केलंत?"

"काही नाही," मी म्हणालो. "लटकलोय."

"दमाल की."

"नाही दमत."

"सोडू नका हं," ती म्हणाली.

हाताला घाम सुटला होता. परीक्षक खुर्चीवरून उठले, उंबऱ्यावर पालथे पडले आणि वाचन घेताना घेतात तसा त्यांनी एक डोळा मिटून दुसरा माझ्या बोटांच्या पातळीत आणला.

"हलू नका," ते म्हणाले. "चार."

करंगळी सुटली होती. ते मला कळलंच नव्हतं.

"तीन," ते म्हणाले.