पिवळा चीक गळेपर्यंत

मित्रांनो, मी एक जुनी कोरफड आहे. पोचे पडलेल्या रंगाच्या डब्यात, एका लाँड्रीच्या मागच्या खिडकीत राहते. राहते म्हणायचं आपलं. आता नुसता बुडखा उरला आहे. गोड बोलणं मला जमत नाही. मला कधी चाखलं असेल, तर तुम्हाला ते ठाऊकच असेल.

मला लावलं ते या लाँड्रीत इस्त्री करणाऱ्या बाईने. सगळी गल्ली तिला मावशी म्हणते. कुणीतरी फेकून दिलेलं बोटभर रोप तिने कचऱ्यातून उचललं, डब्याच्या बुडाला खिळ्याने भोकं पाडली आणि मला उन्हात ठेवलं. पाणी बेतानेच द्यायची. "हिला लाडाने मरण येतं," म्हणायची.

इस्त्रीवालीच्या हाताला चटका ठरलेलाच. त्यावर मावशीची एक रीत होती. पान घ्यायचं ते सगळ्यांत खालचं, जून झालेलं. कापलं की लगेच लावायचं नाही. कापलेलं तोंड खाली करून ते कान तुटलेल्या कपात उभं करायचं. त्यातून पिवळा चीक गळतो. तो नाजूक कातडीला लागला तर खाज सुटते, पुरळ उठतं. तो गळेपर्यंत मावशी दोन शर्ट इस्त्री करी. मग पान धुवायचं, सोलायचं, गर आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघायचा आणि मगच हवा तिथे. शेजारणी यायच्या. कुणाचा चेहरा उन्हाने रापलेला, कुणाचे हात साबणाने सोललेले. जास्त भाजलेलं कुणी आलं, तर मात्र मावशी सुरीला हात लावत नसे. "दवाखाना गाठ आधी. ही कोरफड आहे, डॉक्टर नाही!" म्हणून पिटाळायची.

मावशीची एक भाची. आईवेगळी, हिनेच वाढवलेली. नऊ वर्षांची असताना इस्त्रीची वाफ तिच्या गालावर आली. आधी नळाखाली गाल धरला, मग दवाखाना झाला, आणि कातडी भरून आल्यावर तीन महिने रोज माझा गर. पोर कपासमोर बसून विचारायची, "झालं का गं गळून?"

"दोन शर्ट थांब."

गालावर डाग राहिला नाही. माझ्या जन्माचं सार्थक झालं, असं तेव्हा मला वाटलं. वाटतं खरं असं.

भाची मोठी झाली, तिने समोर पार्लर थाटलं आणि मला डब्यासकट उचलून आरशापुढे मांडलं. तोच गाल पुढे करून ती बायकांना सांगे, "हा भाजला होता. ओळखू येतो का?" रांग लागली. पण त्या बायकांना सगळं ताजं हवं होतं. ताजं म्हणजे डोळ्यांदेखत कापून तिथल्या तिथे चोळलेलं. कपात उभं केलेलं पान त्यांना शिळं वाटे. मग कप गेला. कोपरावर लावून बघणंही गेलं. खालची पानं संपली तशी सुरी वर चढत गाभ्यापर्यंत आली.

टॉवेलांची घडी द्यायला आलेली मावशी एकदा म्हणालीच, "अगं, पिवळं तरी गळू दे."

"मावशी, गिऱ्हाईक खुर्चीत बसलंय. तुझे दोन शर्ट होईस्तोवर थांबणार आहे का ते?"

पुढच्याच आठवड्यात, लग्न दोन दिवसांवर आलेल्या एका मुलीचा चेहरा लालभडक होऊन सुजला. तिची आई पार्लरमध्ये येऊन कडाडली. मावशी तेव्हाही टॉवेल घेऊन दारात उभी होती. भाचीने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "झाड मावशीचं आहे हो. तिने काय लावलंय तिलाच ठाऊक."

सगळ्या बायका वळल्या. मावशीने एक शब्द बोलायचा अवकाश होता, खरं काय ते सगळ्यांना कळलं असतं. ती म्हणाली, "हो, झाड माझंच." टॉवेल खुर्चीवर ठेवले, मला उचललं आणि रस्ता ओलांडून परत आणलं.

त्या दिवसापासून शेजारणी यायच्या बंद झाल्या. गल्लीत तिचं नाव 'पुरळवाली' पडलं. पार्लरच्या फळीवर मात्र आता मलमाच्या नळ्या आहेत. त्यांवर माझंच चित्र आहे, हिरवंगार, टरटरीत.

परवा मावशीचं मनगट भाजलं. हात नळाखाली धरता धरता सवयीने तिची नजर माझ्याकडे वळली. बुडख्याशी बोटभर कोंब फुटला होता, बस. मावशीचं ओरडणं ऐकून समोरून भाची मलमाची नळी घेऊन धावत आली. "हा कोंब कापू का?"

"कोवळं कापत नाहीत. शिकवलं होतं तुला."

भाचीने नळी पुढे केली. मावशी म्हणाली, "ह्यातलं पिवळं गाळलंय ना गं?"

भाचीचा हात आपसूक स्वतःच्या गालावर गेला. तेवढ्यात कपडे न्यायला एक शेजारीण आली. मनगट बघून म्हणाली, "अगंबाई! आता त्या मेल्या कोरफडीचं काही लावू नका हं."

मी वाट पाहत होते. मावशीही पाहत होती. भाचीचं एक वाक्य पुरलं असतं.

भाची म्हणाली, "नाही लावत."

मित्रांनो, झाडाकडून घ्याल ते खालून घ्या, गाभा राखा. कापलंत तर पिवळा चीक गळेपर्यंत थांबा. आणि थांबला नाहीत, तर निदान तसं कबूल करा. मला पुन्हा पानं येतील. त्याला दोन वर्षं लागतील. तोवर मावशीच्या मनगटावरचा डाग पक्का झालेला असेल.